पास केलेली सीट

भीमसेन रावांना घरी बोलावलंत तर एक लक्षात ठेवा, 'बसा' म्हटल्यावर हा माणूस लगेच बसत नाही. आधी खुर्ची अंगठ्यानं दाबून बघतो. मग पाठ हलवून बघतो, कुरकुरतेय का ऐकतो, आणि मग घड्याळाकडे नजर टाकून अंग सोडतो. लग्नाच्या मांडवात, दातांच्या डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे हेच. यजमान बिचारे गोंधळतात. त्यांना वाटतं ढेकूणबिकूण निघाला की काय. तसं काही नसतं, तो भीमसेन रावांचा धंदाच आहे.

गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत लांब पल्ल्याच्या बसगाड्यांच्या सीटा बनवणारा एक कारखाना आहे. तिथे भीमसेन राव एकतीस वर्षं तपासनीस. सीट समोर आली की तिच्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं बसायचं, अंगठ्यानं दाबायचं, रेलायचं, उठायचं. बरी वाटली तर हिरव्या खडूनं बरोबरची खूण, नाही तर लाल खडूनं फुली. दोन्ही खडू कायम शर्टाच्या खिशात. त्यांची बायको सीतालक्ष्मी एकतीस वर्षं ते खिसे घासतेय, आणि एकतीस वर्षं तेच बोलतेय, ते आता दोघांनाही ऐकू येत नाही.

माणूस वाईट नाही हो. तंजावरकडचं मराठी घर, तीन पिढ्या मद्रासेत काढलेल्या. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि राग आला की दोन्ही एकदम. राहायला विल्लीवाक्कमला. रोज पहाटे जुन्या काळ्या सायकलवरून स्टेशन, तिथून गाडी, संध्याकाळी परत. दारू नाही, पत्ते नाहीत. एकच खोड, ती म्हणजे स्वतःच्या बुडावरचा अफाट विश्वास. आपण दहा मिनिटं बसलो आणि काही टोचलं नाही, तर जगात कुणालाच टोचणार नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

या विश्वासापायीच दीड वर्षापूर्वी नको ते घडलं. त्यांची थोरली बहीण, हेमावतीअक्का, कांचीपुरमला असते. सत्तरीला टेकलेली, भावापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला हिनंच वाढवलं. सायकलसुद्धा हिनंच शिकवली, साडीचा ओचा खोचून, मागून सीट धरून, देवळाच्या रथवीथीभर धावत. तर ही अक्का गल्लीतल्या बायकांबरोबर स्वामींच्या आराधनेला मंत्रालय नावाच्या तीर्थक्षेत्री गेली. अकरा तासांचा बसचा प्रवास. बसमध्ये चढल्याबरोबर तिनं कौतुकानं फोन केला, भीमू, तुझ्या कारखान्याचं नाव आहे रे सीटवर. भीमू फुगला. म्हणाला, झोप निवांत, ती माझ्या हाताखालून गेलेली आहे.

अक्का परत आली ती दोघांच्या आधारानं. कंबर धरली होती, आठ दिवस अंथरुणात. भाऊ भेटायला गेला. अक्का म्हणाली, "भीमू, तुझी सीट काही बरोबर नाही रे." आता इथं एखाद्या शहाण्या माणसानं काय म्हणावं? हो अक्का, बघतो, तेल लावून देऊ का. इतकंच पुरे होतं. पण भीमसेन रावांच्या तोंडून निघालं, "सीट पास आहे, अक्का. तुझी कंबर पास नाही."

खोलीत गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. अक्का हसली नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

आपल्याकडे नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, पण या दोघींचं रोज फोनवर अर्धा तास. सीतालक्ष्मीला अक्काच्या घरच्या आमटीत काय पडलं तेही ठाऊक. बोलत नव्हती ती फक्त भावंडं. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी कणू असते. बायका पहाटे हळदीच्या पानावर पिवळ्या-तांबड्या भाताचे घास ठेवतात, कावळ्यांना बोलावतात आणि भावांचं बरं मागतात. मग भाऊ बहिणीकडे जेवायला. जन्मभर भीमसेन राव कणूला कांचीला जेवले होते. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. घरात सीतालक्ष्मीनं तिच्या भावांसाठी घास ठेवले, तेव्हा हे गच्चीच्या दारात उभे होते. आपल्या नावाचा घास अक्कानं ठेवला असेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण विचारायचं कुणाला? बायकोला विचारलं तर ते पाच मिनिटांत कांचीला पोचणार. नुसतेच मनातल्या मनात कुढले.

यंदा दिवाळीत त्यांनी जाहीर केलं की आता निवृत्तीला थोडेच महिने राहिले, एक चांगली गिअरची सायकल घेणार, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी लांब रपेट मारणार. कधी महाबलीपुरम, कधी पळवेर्काड. सीतालक्ष्मी म्हणाली, "पंचवीस हजार. वर एक रुपया नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं कांचीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तिच्यामार्फत निरोप आला. सीतालक्ष्मीनं तो पदराला हात पुसत, एक शब्दही न गाळता सांगितला. "भीमूला सांग, कणूला माझ्याकडे सायकलीवरून ये. स्वतः पास केलेल्या सीटवर बसून. येऊन पाटावर मांडी घालून जेवलास, तर गल्लीसमोर मी म्हणेन, कंबर माझीच खोटी. बसता नाही आलं, तर उभ्यानं जेवायचं, आणि तोंडानं म्हणायचं, सीट खोटी होती. सुम्मा, उगीच आपलं बसनं येणार असशील तर येऊ नकोस. दार लावून घेईन."

सत्तर किलोमीटर. भीमसेन रावांनी दोन्ही खडू खिशातून काढले आणि परत ठेवले. मग म्हणाले, "बोलावलं तरी."

आता सायकल. जॉर्ज टाउनमध्ये एका अरुंद गल्लीत चंद्रमौळी नावाच्या गृहस्थाचं दुकान आहे. हा साठीचा, वाळका, आणि तोंडाचा फटकळ. त्याच्याकडे नव्या सायकली आहेत, पण खरा माल मागच्या खोलीत. सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांतली पोरं एक जानेवारीला साठ-सत्तर हजारांची सायकल घेतात, चार रविवार चालवतात आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. पुढे घर बदलताना ती चंद्रमौळीकडे येते, निम्म्याहून कमी किमतीत.

"लांब जायचं, पण रोज नाही," चंद्रमौळी तमिळमध्ये म्हणाला. "शर्यत लावायची नाही. मग ऐका. फ्रेम तुमच्या उंचीची हवी. हँडल वाकडं चालेल, पण फार खाली नको, नाहीतर मान जाईल. टायर जरा रुंद घ्या, आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. गिअर हलके. एवढं जमलं की झालं. सीट शेवटी."

"सीट आधी," भीमसेन राव म्हणाले, आणि खिशातून खडू काढले.

पुढचे सात शनिवार त्या दुकानात जे चाललं ते बघायला शेजारचा पेनवाला आणि समोरचा दोरवाला गिऱ्हाईक सोडून यायचे. भीमसेन राव सायकल स्टँडवर चढवायला लावत, वर बसत, मनगटावरचं घड्याळ बघत, आणि दहा मिनिटं ढिम्म हलत नसत. पेडल मारणं नाही, काही नाही. नुसते बसलेले, नजर समोरच्या भिंतीवर. मग उतरून लाल फुली. दुसरी सायकल, पुन्हा दहा मिनिटं, लाल फुली. ते वळले की चंद्रमौळी मागून फडक्यानं फुली पुसायचा. चौथ्या शनिवारी तीच पुसलेली सायकल त्यानं पुन्हा पुढे केली, आणि भीमसेन रावांनी तिला पुन्हा नापास केलं. चंद्रमौळीनं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना चहा पाजला. माणूस सणकी आहे पण खोटा नाही, असं त्यानं दोरवाल्याला सांगितलं.

शेवटी सायकल मिळाली. राखाडी, उंचीला बरोबर, हँडल बेताचं, टायर रुंद, बावीस हजार. सिरुसेरीतल्या कुणा मुलीची, मोजून दोनशे किलोमीटर चाललेली. तिच्यावरची सीट मात्र लांबट, अरुंद आणि कडक. भीमसेन रावांनी अंगठा टेकवला. अंगठा आत गेलाच नाही. त्यांनी तिथल्या तिथे लाल फुली मारली. एकतीस वर्षांत न बसता नापास केलेली ती पहिली सीट.

"साहेब, लांब जाताना हीच बरी पडते," चंद्रमौळी म्हणाला. "मऊ सीटमध्ये माणूस रुततो. पाय हलवायचे असतात ना, मांड्या घासतात, नको तिथे दाब येतो. दुकानात कळत नाही. दोन तासांनी कळतं."

"तुम्ही सायकली किती वर्षं विकताय?"

"चाळीस."

"मी एकतीस वर्षं बसतोय," भीमसेन राव म्हणाले, आणि काचेच्या कपाटातली जेलची सीट मागितली. रुंद, फुगलेली, दोन्हीकडे गुबगुबीत. तिच्यावर ते दहा मिनिटं बसले. नवव्या मिनिटाला त्यांचे डोळे मिटले होते, असं पेनवाला शपथेवर सांगतो. हिरवी खूण झाली. चंद्रमौळीनं मान हलवली, मऊ सीट बसवून दिली, आणि काढलेली कडक सीट बोल्टच्या चावीसकट कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवली. "सायकलीबरोबरची आहे, तुमचीच. असू दे." फुकट मिळालेली वस्तू भीमसेन राव सोडत नाहीत. त्यांनी पिशवी नेली, आणि कणूच्या पहाटे निघताना अक्काला द्यायची साडी, ऊस आणि हळदीचं रोप सीतालक्ष्मीनं त्याच पिशवीत, सीटच्या वर, कोंबलं. ऊस अर्थातच बाहेर डोकावत होता.

पाचला निघाले. पाडी, अंबत्तूर, मग पूनमल्ली. पहिला तास काय सांगावा. रस्ता मोकळा, हवा गार, पायाखाली गिअर अलगद बदलताहेत, आणि बूड अगदी गादीवर. पूनमल्लीला ते स्वतःशी मोठ्यानं हसलेसुद्धा. जेवणाच्या पाटावर बसून अक्काला काय म्हणायचं ते वाक्य त्यांनी तयार केलं. 'अक्का, आता सांग.' बस, एवढंच म्हणायचं.

सातच्या सुमाराला बुडाला मुंग्या आल्या. त्यांनी सरकून घेतलं. दहा मिनिटांनी पुन्हा सरकले. मग मुंग्या गेल्या आणि आग सुरू झाली. मांड्यांच्या आतल्या बाजूला, आणि आणखी जिथे झाली ते मी सांगणार नाही, त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. श्रीपेरुंबुदूर येईपर्यंत ते निम्मा रस्ता पेडलवर उभे राहून चालवत होते. मोठ्या बसगाड्या शेजारून जात होत्या. एका खिडकीतून एक म्हातारी त्यांच्याकडे बघत गेली, आणि तिच्या पाठीमागची सीट त्यांच्या कारखान्याची आहे, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं.

चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाल्यानं बाक दाखवला.

"नको," भीमसेन राव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बसायची जागा अंगठाही न लावता नाकारली.

चहा पिता पिता त्यांची नजर पिशवीकडे गेली. तीस किलोमीटर अजून बाकी. हे असं गेलो तर उभ्यानं जेवावं लागणार, आणि गल्लीतल्या त्याच चार बायका बघायला असणार. दहा मिनिटं त्यांनी मनाशी भांडण केलं. मग साडी, ऊस, रोप सगळं टपरीच्या फळीवर काढलं, चावी घेतली, आणि इकडेतिकडे बघत, चोरी करावी तशी सीट बदलली.

कडक सीटवर पहिले दोन किलोमीटर त्यांनी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. जमेना. पाय मोकळे हलत होते. आग ओसरली. सुंगुवारचत्रम मागे पडलं, शेतं लागली, आणि आपण कशावर बसलोय हेच ते विसरले. फुली मारलेली ती सीट त्यांना कांचीच्या वेशीपर्यंत सुखानं घेऊन आली, आणि याचा त्यांना भयंकर राग आला.

वेशीपाशी एका बंद दुकानाच्या आडोशाला ते उतरले. चावी काढली. कडक सीट पिशवीच्या तळाशी, मऊ सीट पुन्हा सायकलीवर, हिरवी खूण मागून दिसेल अशी. शेवटचा अर्धा किलोमीटर ओठ घट्ट मिटून उभ्यानं काढला आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर रुबाबात टेकले.

अक्का दारात उभी होती. कमरेला रुंद पट्टा, हातात आरतीचं ताट. दीड वर्षात ती बरीच वाकली होती. आधी तिनं भावाकडे पाहिलं, मग सायकलीकडे, मग वाकून सीटवरच्या खुणेकडे.

"हिच्यावर बसून आलास?"

"दिसत नाही का?"

"सत्तर किलोमीटर?"

"एकाहत्तर."

अक्कानं ओवाळलं आणि त्यांना आत घेतलं. पाट मांडलेला होता, शिसवी, गुळगुळीत, दगडासारखा कडक. मुद्दाम शोधून काढलेला असणार. चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. अक्काचा मुलगा दर्शन मोबाइल घेऊन तयार. भीमसेन राव पाटाकडे गेले, आणि अंगठ्यानं न दाबता, मांडी घालून, आरामात बसले. थोडं दुखलं, पण तोंडावर काही दिसलं नाही. वाढणं सुरू झालं. चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, भाज्यांचं अवियल, पापड.

'अक्का, आता सांग,' असं म्हणायची वेळ आली होती. पण अक्कानं ती येऊच दिली नाही. पळी खाली ठेवून ती चौघींकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी हरले. कंबर माझीच खोटी. सीटचं काही नव्हतं." मग दर्शनला म्हणाली, "यंदा पुन्हा मंत्रालयाला जायचं म्हणत होते, त्या तिकिटाचं राहू दे रे. नको काढू. कंबरच अशी, तर आता कुठे जायचं. इथूनच नमस्कार."

ती रागानं बोलली असती तर भीमसेन राव जेवले असते. पण ती शांतपणे बोलली, खरं मानून बोलली. दीड वर्ष भांडत होती तरी आतून तिला तीच शंका होती, की दोष आपल्याच अंगात आहे. आज भावानं ती शंका पक्की केली होती, चोरून बदललेल्या सीटवर बसून येऊन. चिंचेच्या भाताचा उचललेला पहिला घास त्यांनी पानात परत ठेवला.

ते उठले. बाहेर गेले. पिशवी घेऊन आत आले, आणि साडी, ऊस, रोप बाजूला काढून कडक सीट अक्काच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. मागच्या कडेची लाल फुली अजून शाबूत होती.

"हिच्यावर आलो. श्रीपेरुंबुदूरपासून वेशीपर्यंत. त्या मऊ सीटवर माझं बूड सोलून निघालं, अक्का."

दर्शनचा मोबाइल चालूच होता.

अक्कानं कडक सीट अंगठ्यानं दाबली. अगदी भावासारखीच. "ही तू नापास केली होतीस?"

"न बसता."

"आणि माझी बसची सीट पास केलीस, ती किती वेळ बसून?"

"दहा मिनिटं." भीमसेन रावांनी खिशातून लाल खडू काढला, अंगणात गेले, आणि सायकलीवरच्या सीटची हिरवी खूण अंगठ्यानं पुसून तिथे मोठी फुली मारली. दारातूनच म्हणाले, "सीट खोटी होती. तुझ्या कमरेला काही झालेलं नव्हतं. मी बोललो ते चुकलं."

त्यांचे डोळे भरले होते. अक्काचेही भरले असावेत, पण ती लगेच वळून स्वयंपाकघरात गेली, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. आली ती स्टीलचं ताट घेऊन. पानातलं सगळं तिनं ताटात काढलं आणि भावाच्या हातात दिलं.

"ठरलं ते ठरलं. उभा राहा."

एकाहत्तर किलोमीटर पेडल मारून आलेला माणूस भिंतीला न टेकता ताट हातात धरून जेवू लागला. अक्का इतकी सावकाश वाढत होती की चिंचेचा भात संपल्यावर लिंबाचा भात यायला दहा मिनिटं लागली. बायका आता मनापासून हसत होत्या, आणि अक्का त्यांच्यात सर्वांत जास्त.

"अक्का," नारळाच्या भाताशी त्यांनी हळूच विचारलं, "गेल्या कणूला माझ्या नावाचा घास ठेवला होतास?"

"ठेवला होता. कावळ्यानं दाबूनसुद्धा बघितला नाही, लगेच खाल्ला." तिनं त्यांच्या ताटात आणखी एक डाव भात टाकला. "दर्शन, मंत्रालयाची तिकिटं दोन काढ. हा माझ्या शेजारी बसेल, त्यानं पास केलेल्या सीटवर. जाऊन येऊन."

भीमसेन रावांनी मान डोलावली. काय करणार? मग दहीभात आला, तोही संपला. त्यांनी रिकामं ताट पुढे केलं आणि पाटाकडे आशेनं पाहिलं.

"आता बसू का, अक्का?"

अक्कानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तेही अगदी भावासारखंच. "बस की," ती म्हणाली, "अकरा तासांनी."